सहाच्या आत

होडीवाला हटूनच बसला होता. एका माणसासाठी तो होडी सोडणार नव्हता.

“दुसरं कुणी येऊ दे, मग बघू,” म्हणाला, तोंडावर टोपी ओढली आणि चक्क आडवा झाला.

ती सायकल धरून काठावर चरफडत उभी राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा मिळालेला मोकळा दिवस होता हा! बाबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून तिचं जग म्हणजे त्यांची खाट आणि खिडकीजवळचं शिलाईमशीन. आज आत्या आली होती. आठ ते सहा मी बसते दादापाशी, तू जरा उन्हात जाऊन ये, म्हणाली होती. आणि इथे हा माणूस घोरत होता...

तेवढ्यात मागून घंटी वाजली. उन्हाने रापलेला एक उंच तरुण सायकलवरून उतरला. कॅरियरला दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधलेल्या.

“झालो की दोघं,” तो होडीवाल्याला म्हणाला.

होडीवाल्याने एक डोळा उघडला. “नवरा-बायकोने एकत्र यायला काय होतं हो तुम्हाला?”

“भांडण झालंय,” तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

तिने ओठ दाबले, पण हसू फुटलंच.

होडीत दोन सायकली एकमेकींवर रेलून राहिल्या आणि ती दोघं समोरासमोर बसली. कुठे बघावं ते कळेना, म्हणून ती त्याच्या शर्टाकडे बघत राहिली.

“कॉलर उलटून शिवलीय,” तिच्या तोंडून निघून गेलं. “आणि टाका चुकलाय.”

“आईने शिवलीय.”

“मग बरोबर आहे टाका.”

तो खो खो हसला. “शिवणकाम करता वाटतं? मी वेल्डर. म्हणजे तुम्ही कापड जोडता, मी लोखंड. धंदा एकच!” मग जरा थांबून – “नेहमी येता इकडे?”

खरं सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? पण त्या क्षणी तिला खाट, औषधं, ओले कपडे यांतलं काहीएक सोबत नको होतं.

“दर रविवारी,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात तर पार समुद्रापर्यंत गेले होते.”

खोटं बोलायला तिला काही जड गेलं नाही. बाबा पोस्टमन. तीस वर्षं याच नदीच्या काठाने त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं होतं. नदीचं वळण न् वळण तिला त्यांच्या तोंडून पाठ होतं. त्यामुळे पलीकडे उतरल्यावर ती पुढे आणि तो मागे. हा उतार फसवा आहे हं, ब्रेक धरा. इथे मला एकदा बैल आडवा आला होता. त्या खडकाखाली पाणी बर्फासारखं असतं... बाबांच्या सगळ्या आठवणी तिने स्वतःच्या म्हणून खपवल्या. तो कौतुकाने ऐकत राहिला आणि ती अशी रंगात आली, की थोड्या वेळाने तिचं तिलाच ते खरं वाटू लागलं.

दुपारी एका झाडाखाली दोघं पाव, काकडी आणि उकडलेली अंडी काढून बसली. मीठ पुढे करताना त्याच्या हातावरचे बारीक पांढरे डाग तिला दिसले.

“हे कशाचे?”

“ठिणग्यांचे.”

“खूप दुखत असेल ना?”

“तेव्हा कळत नाही. घरी गेल्यावर कळतं.”

तिने एका डागावर बोट ठेवलं. जरा जास्तच वेळ ठेवलं. त्यानेही हात काढून घेतला नाही. लव्हाळ्यातून वारा सळसळत गेला.

“आता पुढे लाकडी पूल लागेल,” ती घाईने उठली. “तिथून पलीकडे जाऊ. फार सुंदर दिसते नदी.”

वळण घेतलं आणि तिचे पाय पेडलवरच थबकले. पूल नव्हता. पाण्यात चार काळे खांब तेवढे उभे होते, आणि त्यांच्यावरही बोटभर शेवाळ.

“मागच्या महिन्यात...” तो हळूच म्हणाला, “पोहत गेला होतात का?”

त्याने थट्टाच केली होती. पण तिचे डोळे भरून आले. ती तशीच गवतात बसली आणि सगळं सांगून टाकलं. बाबा, टपाल, चार वर्षं, आत्या, सहा वाजायच्या आत घर.

“मी कुठेच गेलेली नाहीये हो. या होडीतसुद्धा आज पहिल्यांदाच बसले.”

तो सायकल आडवी टाकून तिच्याशेजारी बसला.

“मीही एक गोष्ट सांगितली नाही,” तो म्हणाला. “परवा माझं जहाज आहे. परदेशी गोदीत काम मिळालंय, तीन वर्षांचं. नदी डोळे भरून बघून घ्यावी म्हणून निघालो होतो, आणि... दिवसभर तुझ्याकडेच बघत राहिलो.”

तुमचं ‘तुझं’ कधी झालं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“नाही जात मी,” तो एकदम म्हणाला. “कळवून टाकतो. वेल्डरला काम कुठेही मिळतं. मी थांबतो.”

तिचं मन म्हणत होतं, हो म्हण, हो म्हण... पण ती मान हलवत राहिली.

“नको रे. आज तू आनंदाने थांबशील. मीही आनंदानेच थांबले होते. मग एक दिवस ताट वाढता वाढता मनात येतं – या माणसापायी माझं आयुष्य गेलं. बाबांवर माझा जीव आहे. तरी येतं. ती नजर मी रोज आरशात बघते. तुझ्या डोळ्यांत मला ती बघवणार नाही.”

“तीन वर्षांनी येईन.”

“तेव्हा ये वाटलं तर. पण वचन देऊ नकोस. वचन म्हणजे थांबणंच.”

परतताना शहराच्या मोठ्या पुलापर्यंत वारा समोरून होता. “माझ्या मागे राहा,” एवढंच तो म्हणाला आणि पुढे झाला. अख्खा रस्ता ती त्याच्या पाठीच्या आडोशाने चालवत राहिली. पुलाशी दोघं उतरली. त्याने तिच्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस मागे सारले, कानाशी वाकून म्हणाला, “आवडलीस गं. फार आवडलीस.” तिने त्याची कॉलर सरळ केली. हात काही केल्या सुटेनात. शेवटी तिनेच सोडवले.

घरी पोचली तेव्हा सहाला दहा कमी होते. आत्या पिशवी खांद्याला लावून तयारच होती. आत्या गेल्यावर तिने हातपाय धुतले, बाबांना उशीला टेकवून बसवलं आणि मऊ भाताचा घास केला. बाबा घास घेईनात. तिच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे एकटक बघत होते.

“को... कोण... भेटलं?”

बाबांना खोटं सांगणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने सांगितलं. होडी, ठिणग्यांचे डाग, परवाचं जहाज, तो थांबायला निघाला होता तेही. बाबांचा चांगला हात चाचपडत आला आणि तिच्या मनगटावर बसला. ओठ वाकडे झाले, शब्द जुळायला वेळ लागला.

“मग... का... नाही... थांबवलंस?”

उत्तर तिच्यापाशी होतं. दुपारी, त्या गवतात बसून, एका परक्या माणसाला तिने ते सांगितलंही होतं. पण जगात एकाच माणसाला ते कधीही सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि तोच डोळ्यांत पाणी आणून विचारत होता.

“भात निवतोय, बाबा,” ती म्हणाली आणि घास पुढे केला.