कोंडाजीचा पट्टा

कंदिलाची वात जरा खाली करा रे. विझवू नका, खाली करा. आणि मधेमधे ‘मग काय झालं’ विचारायचं नाही. काय झालं तेच सांगायचंय.

मोरू कंपाउंडर तुम्ही पाहिलेला नाही. कर्जतला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तो कामाला होता. हात हलका, बोलणं गोड, पण अंगात आळस भरपूर. माणूस मात्र वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

एकोणीसशे सेहेचाळीस साल, मार्गशीर्ष वद्य एकादशी. दिवेलागणीला खालापूरचा इद्रिस गाडीवान दवाखान्याच्या दारात बैलगाडी घेऊन उभा राहिला. त्याचा शेजारी धाकलू, पंचविशीतला गडी, जलोदरानं पोट घागरीएवढं झालेलं. आडवा झाला की श्वास कोंडायचा. डॉक्टर स्वतःच हिवतापानं कुडकुडत पडले होते.

“मोरू, तूच जा,” ते पांघरुणातून म्हणाले. “सुई, नळी, सगळं घे. पाणी सावकाश काढ. आणि पट्टा...”

“ठाऊक आहे, साहेब,” मोरू घाईनं म्हणाला.

ठाऊक नसायला काय झालं? पोटात सुई घालून रबरी नळीनं पाणी काढायचं, तर ते भसाभसा काढून चालत नाही. एक तांब्या भरला की नळी चिमटायची, नाडी पाहायची. आणि पोटाभोवती कापडाचा लांब पट्टा घेऊन, पाणी उतरेल तसतसा बोटबोटभर ओढत राहायचा. पट्टा सैल पडला की रक्त पोटाकडे धावतं, नाडी बुडते, पोटऱ्यांत गोळे येतात आणि माणूस हातचा जातो. म्हणून पट्टा माणसानं हातात धरायचा. त्याला गाठ मारायची नाही, कधीच नाही.

मोरूनं मारली होती. आदल्या साली, भाद्रपदात. पोशीरचा कोंडाजी टेबलावर होता, डॉक्टर सुई घालून दुसऱ्या रोग्याकडे गेले होते. मोरूनं पट्ट्याला गाठ मारली, नळी मोकळी सोडली आणि समोरच्या हॉटेलात चहाला गेला. चहाबरोबर गप्पा आल्याच. कोंडाजी आतून ओरडत होता, “मोरू, पायात गोळा आला रं! पट्टा वढ!” मोरूला ऐकू आलं होतं. ‘आलो, आलो,’ म्हणत त्यानं बशीतला चहा संपवला.

परत आला तेव्हा बादली भरली होती आणि नाडी नव्हती.

कोंडाजीची बायको चंद्राबाई आली. तिला मोरू म्हणाला, “वेळ भरली होती त्यांची.” पट्टा कोंडाजीच्याच जुन्या धोतराचा होता, काठाला चंद्राबाईनं निळ्या दोऱ्यानं रफू केलेला. ती भिजलेली गाठ सुटेना. बिचारीनं दातांनी ओढून पाहिली, तरी सुटली नाही. शेवटी पट्टा तसाच कमरेला राहिला आणि पोशीरच्या मसणात कोंडाजीबरोबर जळला.

तेव्हापासून मोरूनं पट्ट्याला हात लावला नव्हता.

तर खालापूरला पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. एकच खोली. तीत खाट, उशाशी धाकलूची बायको सुंदरा चिमणी घेऊन उभी. धाकलूचे ओठ निळे पडले होते.

“वाचतील न्हवं?” तिनं विचारलं. “मला सातवा म्हयना चाललाय, दादा.”

मोरूनं पट्ट्यासाठी कापड मागितलं. तिनं आपलं हिरवं लुगडं फाडून पट्टी दिली. इद्रिस म्हणाला, “बैलांना वड्यावर पानी दावतो, बांदतो नि आलोच.” पण धाकलूला थांबवत नव्हतं. मोरूनं सुई घातली. एक हात नळीवर, एक नाडीवर. तेवढ्यात खाटेच्या पलीकडे, अंधारात, कुणीतरी येऊन बसल्याची चाहूल लागली.

“इद्रिस, पट्टा गुंडाळ नि पलीकडून धर,” मोरू मान वर न करता म्हणाला. “मी सांगीन तसा ओढ.”

पट्टा पोटाभोवती आला. पहिला तांब्या भरला. नळी चिमटली. नाडी ठीक होती. सांगायच्या आधीच पट्टा बोटभर आवळला.

“शाबास.”



दुसरा तांब्या. तिसरा. पट्टा बरोबर आवळत होता. खोलीत ओल्या राखेचा वास येत होता. चूल विझली असेल, मोरूला वाटलं.

सातव्याला धाकलू कळवळला. “गोळा... पायात गोळा...”

सुंदरानं चिमणी खाली ठेवली आणि त्याच्या पोटऱ्या चोळायला बसली. मोरूला वाटलं, उरकून टाकावं. चिमटीतली नळी सैल झाली. पाणी भळाभळा सुटलं. नाडी बोटाखालून सरकायला लागली...

“थांबीव.”

पलीकडून. घोगरा आवाज.

मोरूनं नळी दाबली. पट्टा दोन बोटं आवळला. नाडी हळूहळू परत आली.

“तुला बरं कळतं रं, इद्रिस.”



मग दार करकरलं. इद्रिस आत आला. हातात दावं.

“बैल बांदले, मोरूभाऊ. आता काय करू?”

मोरूनं दाराकडे पाहिलं. मग हातातल्या नळीकडे. खाटेपलीकडे पाहिलं नाही.

पट्टा ताणलेलाच होता. कुणीतरी धरला होता.

पळावंसं वाटलं. फार वाटलं. पण उठला असता तर नळी सुटली असती. एकदा उठला होता तो...

“तिथंच थांब, इद्रिस,” तो कसाबसा म्हणाला. “पुढं येऊ नको.”

आठवा तांब्या. नववा. मोरूच्या स्वतःच्या पोटऱ्यांत गोळे आले, दगडासारखे. ओरडायचीही सोय नव्हती. दहावा. राखेचा वास जवळ आला. कानाशी.

“आता उठू नगंस.”

“नाही...” मोरू म्हणाला. “नाही उठत, कोंडाजी.”

चौदा तांबे झाले तेव्हा कोंबडा आरवला. धाकलू घोरत होता. नाडी भरलेली. मोरूनं सुई काढली. सुंदरानं चिमणी उचलून पलीकडे धरली. खाट आणि भिंत यांच्यात जागा होती वीतभर. लहान पोरसुद्धा बसलं नसतं.

आणि सुंदराची हिरवी पट्टी मोरूच्या पेटीवर, घडी घातलेली, कोरडी.

धाकलूच्या पोटावर दुसराच पट्टा होता. जुन्या धोतराचा. एक कड करपलेली.

मोरू तो पट्टा घेऊन त्याच सकाळी पोशीरला गेला. चंद्राबाईच्या ओसरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं, चहाचंसुद्धा. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. पट्टा मांडीवर घेऊन निळ्या दोऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मग एके जागी थांबली. कापड तिथं चुरगळून, पीळ पडून आखडलं होतं, तिच्या दातांच्या खुणा होत्या, पण आता ते मोकळं होतं.

तिनं तो पीळ उजेडात धरून पाहिला.

“मोरू,” ती म्हणाली, “गाठ कुनी सोडली रं?”