निरगाठ

आमची गाठ पडली ती एका गाठीपायीच.

तपासणीच्या खोलीबाहेर मी उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. काखेत नवी गाठ लागली होती. तिचा तुकडा काढून तपासायचा होता. जुनं दुखणं परत आलंय की काय, एवढंच डोक्यात. तेवढ्यात लेकीच्या बुटाची नाडी सुटली. सतत गुणगुणते म्हणून मी तिला भुंगा म्हणते. नाडी बांधायला वाकले, तर बोटंच ऐकेनात.

"मी बांधू?"

मावशीला रेडिएशनसाठी घेऊन आलेला कोणीतरी... बोटांना निळा रंग लागलेला. नाडी बांधून झाली आणि मला आत बोलावलं.

बाहेर आले तर भुंग्याच्या बुटात खडा, आणि बूट काही निघेना.

"अहो, सुरगाठ मारायची ना! ही निरगाठ बसली."

"मला हीच येते," तो ओशाळला.

"शाळेत पोरांना चित्रकला शिकवतो," मावशी म्हणाल्या, "आणि एवढ्या घोड्याला नाडी बांधता येत नाही!"

भुंग्यानं विचारलं, "आईची गाठ पण निरगाठ आहे?"

मावशींची जपमाळ थांबली. मी खिडकीकडे वळले. काचेवरून पाऊस ओघळत होता.

"ती डॉक्टर बघतायत," तो म्हणाला. "आपण आपली बघू." आणि चक्क दातांनी नाडी सोडवली त्यानं!

रिपोर्ट लांबत गेला. फोन करून भागलं असतं, तरी मी रोज रिपोर्टच्या खिडकीवर जाऊन विचारायचे. मावशी आत गेल्या की तो कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसायचा.

"किती ढवळाल? कॉफीला चक्कर येईल."

"तुम्ही रोज इथेच कसे?"

"मावशीला सोबत लागते."

"मावशी तर आत आहेत."

"म्हणून तर..." असं म्हणून तो कपात बघायचा.

मला हसू यायचं — आणि लगेच धास्ती वाटायची. लेकीचा बाबा मागच्या केमोच्या वेळीच बॅग भरून निघून गेला होता.

"आज संध्याकाळी डॉक्टर फोन करतील," एक दिवस खिडकीवरून सांगितलं. जिन्याखाली पाऊस थांबायची वाट बघत आम्ही उभे होतो. भुंगा मावशींना बाकावर गाणं ऐकवत होती.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला.

"आत्ता नको. रिपोर्ट आल्यावर."

"आत्ताच. संध्याकाळी रिपोर्ट चांगला आला, तर जन्मभर ऐकवाल — रिपोर्ट बघून मागणी घातली. वाईट आला, तर म्हणाल — कीव केली. माझ्याकडे फक्त आत्ताची वेळ आहे."

"वेडे आहात. उद्या माझे केस गळतील, मी उलट्या करेन, चिडेन..."

"चिडता तर आताही."

"सोडून जाणं सोपं असतं हो... एक टोक ओढलं की झालं."

"ती सुरगाठ." त्यानं निळी बोटं पुढे केली. "मला ती येतच नाही, मावशीनं सांगितलंय ना?"

संध्याकाळ व्हायच्या आतच पर्समध्ये फोन थरथरला. दवाखान्याचाच नंबर... मी त्याचा हात घट्ट धरला.

"हो," मी आधी त्याला म्हटलं.

मग फोन कानाला लावला — "हॅलो..."