तीन बोटांचा गेरू

वाशिमला जाऊन यायचं म्हणता? जा की. गिअरच्या सायकली आहेत, डोक्याला टोप आहेत, पाय अजून कोवळे आहेत. लाईट यायला तासभर तरी लागेल, तोवर चाकांत हवा भरून ठेवतो आणि बसल्या बसल्या एक हकीकत सांगतो. माझ्याच दुकानातल्या गिऱ्हाइकाची आहे, इकडून तिकडून ऐकलेली नाही. खरी मानायची का खोटी ते तुमचं तुम्ही बघा.

विश्वंभर नावाचा माणूस होता. इथंच हिंगोलीत एका कचेरीत कारकून. दिवसभर फायली आणि उरलेला सगळा जीव सायकलीत. त्या काळी सायकल म्हणजे ज्याला मोटारसायकल झेपत नाही त्याचं वाहन. हौस म्हणून कोणी गावोगाव सायकल मारतो म्हटलं की लोकांना गंमत वाटायची. "काहून हिंडून राहिला रे बाबा, काही हरवलं का तुझं?" असं विचारायचे. तो नुसता हसायचा. त्याच्या डोक्यात एकच आकडा बसलेला. हिंगोली ते वाशिम आणि परत, नव्वद किलोमीटरच्या आसपास, साध्या काळ्या सायकलीवर, साडेचार तासांच्या आत. दोनदा हुकलं होतं. दुसऱ्यांदा तर फक्त सात मिनिटांनी. ती सात मिनिटं त्याला वर्षभर चपलेतल्या खड्यासारखी टोचत होती.

जोडीला त्याचा मेव्हणा, नरसिंग. सेनगावचा, शेती करणारा, सव्विशीतला, हसऱ्या तोंडाचा. दाजी म्हणतील ती पूर्व दिशा. दोघांचा एक ठराव होता. पुढच्यानं मागच्याला सोडून जायचं नाही, मागच्याचा दिवा सतत नजरेत ठेवायचा.

तारीखही सांगतो. पंचवीस एप्रिल, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, शनिवार. चैत्राची अमावस्या लागली होती. संध्याकाळी विश्वंभर दोन्ही सायकली घेऊन दुकानात आला, डायनामो बसवून द्या म्हणाला. तुम्ही डायनामो पाहिला नसेल. बाटलीएवढं यंत्र असतं, ते चाकाला घासून फिरतं आणि त्यावर दिवा पेटतो. चाक थांबलं की दिवा गेला. एवढं ध्यानात ठेवा.

मी म्हटलं, "आज अमावस्या आहे. आठ दिवसांनी जा."

"आठ दिसांनी नरसिंगची हळद हाय," तो म्हणाला. "मग बायको सोडते का त्याला? आन् दिवसा ऊन कसं हाय बघा. रात्री दोनला निघायचं, उजाडायला घरी."

पडतं घेणाऱ्यातला तो नव्हताच. मी डायनामो आवळून दिले.

रात्री दोनला निघताना आशाबाई, म्हणजे त्याची बायको, दारात उभी होती. म्हणाली, "एकच भाऊ हाय मला. संगं नेऊन राहिले तसा संगं आना."

"न्हाई तर काय इकून येतो त्याला?" विश्वंभर म्हणाला आणि टांग मारली.

दिवसाचं ऊन डांबरात मुरलेलं होतं, खालून वाफ येत होती. वाटेत दोन-तीन ट्रक भेटले, एका वस्तीवरची कुत्री थोडी मागं लागली, मग तीही राहिली. नरसिंग पन्नास पावलं मागं. विश्वंभरच्या मनगटावर रेडियमच्या काट्यांचं घड्याळ होतं, दर दोन-चार मिनिटांनी तो त्यात बघायचा. कनेरगाव नाका थोडा पुढं राहिला तेव्हा तीनला सात मिनिटं कमी होती. ठरवलेल्या वेळेच्या तो चार मिनिटं पुढं होता. आज जमतंय, असं त्याला वाटलं.

पुढं उतार होता. उताराच्या तळाशी छोटा पूल. तिथं मेंढरं रस्ता ओलांडत होती.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असायला पाहिजे, नसली तर आज ऐका. कळप रस्त्यात आला की सायकलवरून उतरायचं आणि शेवटचं कोकरू पलीकडं जाईपर्यंत थांबायचं. कळप कापायचा नाही. कापला की अर्धी मेंढरं पुढं जातात, अर्धी बिथरून माघारी फिरतात, आणि मेंढक्याचा जीव दोन्हीकडं ओढला जातो. विश्वंभरला हे चांगलं माहीत होतं. त्याच्या आज्यानं जन्मभर शेळ्या-मेंढ्या राखल्या होत्या.

तो उतरला. एक मिनिट थांबला. दोन मिनिटं थांबला. मेंढरं संपेनात. नरसिंग येऊन बाजूला उभा राहिला, दोघांचे दिवे विझले. अंधारात नुसत्या पांढुरक्या पाठी सरकत होत्या. विश्वंभरनं घड्याळ पाहिलं. चारातली तीन मिनिटं गेली होती.

मेंढरांत जरा फट पडली. त्यानं टांग मारली.

"दाजी, थांबा," नरसिंग म्हणाला. "जाऊ द्या त्येन्ला."

"ये माझ्यामागं. चल."

घंटी वाजवत तो घुसला. मेंढरं पोटऱ्यांना घासली. थंड होती. एप्रिलच्या रात्री... थंड. आणि एवढा कळप चाललेला, पण खुरांचा आवाज नव्हता. धूळ नव्हती. हे त्याला नंतर आठवलं. त्या वेळी तो फक्त पायडल मारत होता.

मागं फट मिटली.

थोडं पुढं जाऊन त्यानं वळून पाहिलं. नरसिंगचा दिवा दिसला, पेटलेला. चला, येतोय. पुन्हा पाहिलं. दिवा होता. नाका ओलांडताना पुन्हा पाहिलं. दिवा होता. ठराव मोडला नाही, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि जोर लावला.

वाशिमच्या वेशीवरून तो वळला. नरसिंग समोरून भेटेल असं त्याला वाटत होतं. भेटला नाही. पुलाजवळ आला तेव्हा तिथं काही नव्हतं. मेंढरं नाहीत, रस्त्यावर एक लेंडी नाही, नरसिंग नाही. दमला असेल, परत फिरला असेल, असं म्हणून तो थांबला नाही. हातात मिनिटं होती ना.

सहा बावीसला तो घरी पोचला. "आशे, जमलं. चार तास बावीस मिनिटं."

आशाबाईनं त्याच्या मागं पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"नरसिंग कुठं हाय?"

त्यानंही मागं वळून पाहिलं.

जीप करून माणसं निघाली, मीही होतो. नरसिंग पुलाजवळच्या बाभळीखाली बसला होता. सायकल शेजारी स्टँडवर उभी. येताना विश्वंभर तिथूनच गेला होता, त्याला तो दिसला नव्हता. हाक मारली तर नरसिंगनं वर पाहिलं, पण ओळख नव्हती डोळ्यांत. सदऱ्याच्या पाठीवर गेरूचे तीन पट्टे होते, वरून खाली ओढलेले, मेंढरांना ओळखीसाठी ओढतात तसे. सदरा काढला. खाली कातडीवरही तेच.

त्याची सायकल मी दुकानात आणली. दुपारी विश्वंभर आला, रडवेला झालेला. "मी सोडून न्हाई गेलो हो, किशनराव. दिवा दिसत होता मला त्याचा. दर टायमाला पाहिला."

मी विचारलं, "जवळ येत होता का दिवा? लहान-मोठा होत होता?"

"न्हाई. तेवढाच होता," तो म्हणाला. मग माझ्या दुकानाच्या पायरीवर खाली बसला. नरसिंगची सायकल पुलाशीच उभी होती, आणि उभ्या सायकलीचा दिवा पेटत नाही, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

नरसिंग बोलेना. साबण झाला, रॉकेल झालं, पट्टे निघेनात. डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय, झोपेच्या गोळ्या दिल्या. पण रोज पहाटे तीनला तो उठायचा आणि दाराशी जाऊन उभा राहायचा. गल्लीतून कोणी चाललं की मान खाली घालून त्याच्या मागं चालू लागायचा. कोणीही असो. दूधवाला असो. मला आजही ते आठवलं की अन्न गोड लागत नाही. घरात हळदीची तयारी तशीच पडली होती, आणि आशाबाई नवऱ्याशी एक शब्द बोलत नव्हती.

जीपवाल्यानं सांगितलं, नाक्यावर पंचफुलाबाई नावाची म्हातारी आहे, मेंढरं राखणाऱ्यांतली, तिला दाखवा. गुरुवारी नेलं. म्हातारीनं पाठ पाहिली. तीन पट्ट्यांवर आपला हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मालकाचा हात हाय ह्यो," ती म्हणाली.

तिचा नवरा लिंबाजी. उजव्या हाताचं एक बोट कडबा तोडायच्या यंत्रात गेलेलं, म्हणून त्याच्या मेंढरांवर चाराऐवजी तीनच पट्टे असायचे. चार वर्षांपूर्वी त्याच पुलावर रात्री कोणीतरी कळपातून गाडी घातली आणि थांबला नाही. अर्धी मेंढरं अलीकडं राहिली. त्यांना आणायला लिंबाजी माघारी फिरला, आणि मागून दुसरी गाडी आली.

"अजून गोळा करून राहिला असंल," म्हातारी म्हणाली. "तुमी कापलं, अन् तुमचं मानूस अलीकडं ऱ्हायलं. त्याला वाटलं आपलंच हाय." मग तिनं विश्वंभरला सांगितलं. चुकलेलं जनावर दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर धन्यानं जाऊन मागायचं असतं. पायी जायचं. सगळा कळप आधी जाऊ द्यायचा. आणि राखणीबद्दल काहीतरी द्यायचं, फुकट कोणी सोडत नाही.

शुक्रवारी रात्री विश्वंभर निघाला. घड्याळ काढून त्यानं आशाबाईच्या हातात दिलं. पाच दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली. "रिकाम्या हातानं येऊ नका."

नाक्यापर्यंत तो जीपनं गेला, तिथून पायी मागं पुलाकडं. चंद्र कधीच मावळला होता. पुलाच्या कडेला उभा राहिला. किती वाजले ते कळायला मार्ग नव्हता.

आधी वास आला.

मग पांढुरक्या पाठी. एकामागून एक... एकामागून एक. आवाज नाही. विश्वंभर उभा राहिला. पाय भरून आले. तो उभाच राहिला. मेंढरं येत राहिली. कुठं फट पडली, तो हलला नाही. पुन्हा फट पडली. हलला नाही.

शेवटी एक लंगडी मेंढी गेली.

तिच्या मागं घोंगडं पांघरलेला माणूस. हातात काठी. तोंड दिसत नव्हतं.

"आमचं जनावर... तुमच्यात मिसळलं," विश्वंभर म्हणाला. "न्यायला आलो."

...

"चूक माझी हाय. त्याची न्हाई."

माणूस उभा होता. वाट बघत होता.

"सायकल देतो राखणीची."

...

"मग मी येतो," विश्वंभर म्हणाला. "बोलवाल तवा. त्याला सोडा. त्याची हळद हाय."

माणूस त्याच्या मागं गेला. विश्वंभरनं वळून पाहिलं नाही. पाठीवर सदऱ्यावरून काहीतरी फिरलं, वरून खाली. थंड. बोटं होती.

चार नव्हती.

उजाडता उजाडता तो घरी आला. नरसिंग अंथरुणावर उठून बसला होता. डोळे चोळत म्हणाला, "दाजी, किती टाइम लागला आपल्याला?" विश्वंभर त्याच्या गळ्यात पडून लहान लेकरासारखा रडला.

हळदीच्या दिवशी नरसिंगची पाठ स्वच्छ होती. आज त्याला दोन मुली आहेत. ती रात्र त्याला आठवत नाही.

विश्वंभरनं सायकल सोडली नाही, घड्याळ सोडलं. वाटेत मेंढरं दिसली की लांबूनच उतरायचा आणि निवांत उभा राहायचा. बदल्यात काय कबूल केलं ते त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही, फक्त मला सांगितलं. दरवर्षी चैत्राच्या अमावस्येला दुकानात यायचा, सदरा वर करायचा आणि म्हणायचा, "किशनराव, बघा हो, काही हाय का?" मी बघायचो. म्हणायचो, "घामोळं आहे. पावडर लावा." दोघं हसायचो, चहा घ्यायचो. अशी नऊ वर्षं गेली. मला वाटलं, फिटलं.

गेल्या वर्षी अमावस्येला तो आला नाही. मीच संध्याकाळी घरी जायचं ठरवत होतो, तेवढ्यात नरसिंगचा फोन आला. दाजी पहाटे झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले हृदयाचं. किती वाजता गेला, ते आशाबाईलाही कळलं नाही.

अंघोळ घालायला नरसिंग आणि मी होतो. पाठीला पाणी घालायचं म्हणून कुशीवर वळवला. नरसिंगच्या हातातला तांब्या तसाच राहिला. वरून खाली, तीन पट्टे. कोणी बघायच्या आत मी हातानं पुसायला गेलो. त्या रात्रीचाच गेरू आज वर आला, म्हणजे वाळून खडखडीत झालेला असणार, निघायचा नाही, असं मला वाटलं होतं.

माझा तळवा लाल झाला. ओला होता.