आधी जोडलेला

गच्चीवरच्या एरियलची वायर वाऱ्याने सैल झाली होती, ती घट्ट करायला मी दुपारी वर गेले होते. बस, एवढंच निमित्त. धुकं इतकं दाट की शेजारची गच्ची दिसेना. ओल्या लोखंडाचा वास तेवढा येत होता.

आमचा रेडिओ रिसीव्हर एक आणि वाटेकरी तीन. मी, माझी वहिनी, आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारे निवृत्त वैमानिक काका. माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरला तो जोडलाय, आणि नेटवर्कवरून तिघंही आपापल्या जागी बसून ऐकतो. तो एका वेळी लहरींचा एक पट्टा पकडतो. त्या पट्ट्यातलं ज्याला जे हवं ते त्याने ऐकावं. पण पट्टा कोणता, हे सगळ्यांत आधी जोडलेला ठरवणार. काकांना विमानांचं वेड, त्यामुळे ते उजाडता उजाडता जागा धरून बसायचे. ‘आधी बसला तो सासरा,’ असं वहिनी त्यांना चिडवायची.

त्या दिवशी मात्र तिला चेष्टा सुचत नव्हती. माझा दादा बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर असतो. सकाळी गेलेली बोट परतली नव्हती, आणि त्याचाही, बंदरावरचाही फोन लागत नव्हता. बोटींचं बोलणं कानावर पडलं तर जिवात जीव येईल, म्हणून वहिनी हेडफोन लावून बसली होती.

“अगं, पट्टा हलेना,” ती खालून ओरडली. “भलतीकडेच अडकलाय. तिथे तर कुणीच बोलत नसतं.”

मी काकांना फोन लावला. “काका, जरा बोटींवर घ्या ना. दादा अजून आला नाहीये.”

“मी आज जोडलोच नाही, बाई. दाढ काढलीय, पडून आहे.”

मी माळ्यावर गेले. मी आणि वहिनी, दोघींनी जोडणी तोडली. पडद्यावर ‘जोडलेले : एक’ तसंच. कुणीतरी आगंतुक घुसला असणार म्हणून चरफडत मी नेटवर्कची वायरच उपटली. तरीही एक. वायर परत खोचली आणि खाली आले.

वहिनी पुन्हा जोडून बसली होती. तिने हात वर केला.

“थांब... काही करू नकोस. तो बोलतोय.”

मी एका कानाला हेडफोन लावला. खरखरीतून दादाचा आवाज, अगदी निवांत. “...धुकं आहे नुसतं. येतोच मी. तुम्ही जेवून घ्या.” आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. दादाच होता, नखशिखांत भिजलेला. “बोट केव्हाच लागली. फोनने मान टाकली. पाणी दे गं,” म्हणत तो स्वतःच स्वयंपाकघरात गेला.

मी हसत वहिनीकडे वळले. तिने हेडफोन काढला नव्हता. तिने एक बाजू माझ्या कानाला लावली.

आत दादा पेला विसळत होता. आणि कानात दादा हळू आवाजात विचारत होता,

“घरात... कोण आलंय?”

आमचा रिसीव्हर नुसता ऐकतो. इथलं काही तिकडे पोचवायची त्यात सोयच नाही.

याला आता बरेच महिने झाले. दादा घरी असतो, पूर्वीसारखाच हसतो, माझ्या खोड्या काढतो. यातलं एक अक्षरही आम्ही त्याला सांगितलेलं नाही. वहिनी मात्र रोज दुपारी हेडफोन लावून बसते, आणि मध्येच त्याच्याकडे बघून तिचे डोळे भरतात.

परवा त्याने मला विचारलं, “काय ऐकत असते गं ती?”

“विमानं,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे न बघता, समजुतीच्या सुरात म्हणाला, “त्याचं ऐकू नका.”