मंगळापर्यंतची सोबत

सांगलीला हळदीचा अभिमान आहे, द्राक्षांचा आहे, अगदी भेळ-भडंगाचासुद्धा आहे. पण ज्या खोलीचा या गावाला सर्वांत जास्त अभिमान वाटायला हवा, ती निम्म्या गावाला ठाऊकच नाही. एका जुन्या दवाखान्याचा वरचा मजला, सहा खुर्च्या, एक शेगडी आणि दारावर पाटी : सोबत पथक. खून झालेल्या घरची माणसं, लुटली गेलेली म्हातारी, अपघातातून एकटाच वाचलेला पोरगा, अशांच्या शेजारी पहिले काही तास जाऊन बसायचं, एवढंच पथकाचं काम. सगळे स्वयंसेवक. गेली तीन वर्षं या खोलीतून थेट मंगळावरही बसायला जाता येतं. त्याची सोय म्हणून खोलीच्या एका बाजूला काच लावून अंतराळ दळणवळण विभागाचे डॉ. शंतनु केळुसकर बसतात.

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला केळुसकर काचेआडून जवळजवळ धावतच बाहेर आले.

"वत्सलाबाई, मंगळावर तिसऱ्या ठाण्याजवळ बोगदा कोसळलाय. दोघं कामाला होती. आष्ट्याचा सुकुमार मगदूम जागीच गेला. रोहिणी तुपे म्हणून विट्याची मुलगी आहे, ती निवाराकोठडीत एकटी अडकलीय."

वत्सलाबाई ढोबळे बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर हे काम त्यांनी धरलं ते धरलंच. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"तिथली बाकीची माणसं?"

"बचावगाडी घेऊन सगळी निघालीत. धुळीचं वादळ आहे, पोचायला नऊ तास लागतील, आणि तोवर त्यांचा तिच्याशी संपर्क नाही. कोठडीत प्राणवायू भरपूर आहे. भानगड कर्बगाळणीची आहे. श्वासातून सोडलेला दूषित वायू ती शोषून घेते, पण तिची वीज गेलीय. दर चाळीस मिनिटांनी उठून हाताने चाक फिरवावं लागेल. दीड-दोन तास फिरवलं नाही, तर गुंगी येईल आणि मग..."

"मग ती उठायची न्हाई," वत्सलाबाई म्हणाल्या. असं सुन्न बसलेलं माणूस त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. त्याला कळत सगळं असतं, फक्त हात उचलावासा वाटत नाही.

शेजारी शहनाज मुजावर होती. शिवणकाम करून पथकात येणारी, मंगळाच्या कामाला आजच पहिल्यांदा बसलेली. तिने विचारलं, "डॉक्टर, आपला आवाज तिला पोचायला वेळ लागतो ना?"

"चौदा मिनिटं. मंगळ आज पंचवीस कोटी किलोमीटरवर आहे, आणि रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगानेच जाणार. त्याहून घाई निसर्गाला मान्य नाही. म्हणजे तुम्ही काही विचारलंत, तर उत्तर अठ्ठावीस मिनिटांनी. शिवाय हे दोन वेगळे रस्ते आहेत. आपली प्रक्षेपक तबकडी शेताएवढी, त्यामुळे आपला आवाज धुळीतूनही जातो. तिचा प्रक्षेपक बाहेर डोलकाठीवर, डब्याएवढा. तिकडून येईल ते कुजबुजल्यासारखं."

"मग बोलायचं कसं?"

"का गं?" वत्सलाबाई माईकसमोर बसत म्हणाल्या. "मयताच्या घरी त्या बाईला आपण काय विचारतो? काही न्हाई. विचारायचं काम पोलिसांचं आणि पेपरवाल्यांचं. आपण बसायचं. मग उत्तर अठ्ठावीस मिनिटांनी आलं काय आणि न्हाई आलं काय!"

सोबतवाहिनीचा एक नियम होता, आणि तो केळुसकरांनीच केला होता. वाहिनी बोलणारीच्या आवाजाने उघडायची आणि तिनेच 'येते मी' म्हटल्यावर बंद व्हायची. एकदा एका तंत्रज्ञाने चुकून बटण दाबून रडत्या माणसाचा संपर्क तोडला होता, तेव्हापासून बटणच काढून टाकलं होतं.

"रोहिणी, मी वत्सला ढोबळे, सांगलीहून बोलतेय. तू काही बोलू नकोस. मी इथं बसलेय. भिंतीत चाक आहे बघ, तेवढं फिरवून ये आणि परत बस."

त्या बोलत राहिल्या. विटा-सांगली गाडीबद्दल, घाटात गाडी बंद पडली तेव्हा सगळ्या प्रवाशांनी मिळून पोहे खाल्ले त्याबद्दल. सव्वादहाच्या पुढे तिकडून पहिला आवाज आला, नुसता श्वासाचा. मग एकदा "हं." कोठडीतून येणाऱ्या नोंदी सांगत होत्या की चाक एकदा वेळेवर फिरलं, नंतर दहा मिनिटं उशिरा. तिसऱ्या खेपेला पाऊण तास उलटला तरी फिरलं नव्हतं. आणि बाराला आठ मिनिटं कमी असताना तिकडून येणारं सगळंच थांबलं, आवाजही आणि नोंदीही.

केळुसकरांनी तासभर वाट पाहिली. मग काचेतून हाताने 'पुरे' अशी खूण केली. वत्सलाबाई काही न बोलता उठल्या आणि बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

केळुसकर बाहेर आले. माणूस सरळ होता, पण आकड्यांच्या बाबतीत त्यांना आडपडदा माहीत नव्हता. "बाई, वाईट वाटतंय सांगायला. माझ्या गणिताप्रमाणे ती गेली असणार."

शहनाजच्या डोळ्यांना धार लागली.

"असंल," वत्सलाबाई म्हणाल्या. "मग गेलेल्या पोरीजवळ कुणी बसायला नको? गाडी पोचेस्तोवर आम्ही उठत न्हाई."

"अहो, पण आता तिला ऐकू जाणार नाही!"

"मयताला तरी कुठं ऐकू जातंय वो? तरी बसतोच की आपण."

केळुसकर काचेआड जाऊन बसले.

लगेचच पथकातल्या आणखी चौघी आल्या. एकीने भाकरी आणल्या, दुसरीने पिठलं. बसलेली माणसं सारखी गप्प राहत नाहीत, हे कुठल्याही मयताच्या घरी गेलेल्याला माहीत असतं. आधी हळू बोलणं झालं. मग सुनांचे विषय निघाले. वांग्याच्या भरतात दाण्याचं कूट घालावं की नाही, यावरून दोघींची चांगलीच जुंपली. मग वत्सलाबाईंनी फुकट्या प्रवाशाची एक गोष्ट सांगितली आणि सगळ्या खळखळून हसल्या, आणि हसल्याबद्दल ओशाळून पुन्हा गप्प झाल्या. कुणी तरी रोहिणीचं नाव काढलं, की शहनाज डोळे पुसायची. असे सहा तास गेले.

पावणेसातला काचेआड खरखर झाली. बचावगाडी ठाण्याजवळ पोचली होती आणि तिचा प्रक्षेपक आता आसपासचे आवाज पुढे पाठवत होता. केळुसकरांनी आवाज मोठा केला.

"सांगली... सांगली, मी रोहिणी तुपे. ढोबळेबाई, त्या डॉक्टरांना सांगा, मी मेलेली नाही."

शहनाजच्या हातातलं ताट खाली पडलं.

केळुसकर यंत्राच्या नियंत्रण-फलकाकडे बघत राहिले. वाहिनीचा दिवा सकाळपासून पेटलेलाच होता, त्यांचंच लक्ष गेलं नव्हतं. "बाई... तुम्ही वाहिनी बंद केली नव्हतीत?"

"मी?" वत्सलाबाई गोंधळल्या. "मी उठले की."

"'येते मी' म्हणालात?"

"काय तरीच काय! जिथं माणूस गेलंय तिथनं उठताना कोण 'येते' म्हणतं? ध्यानातच आलं न्हाई बघा."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. चूक बाईंची नव्हती. बंद करायचे शब्द त्यांनीच निवडले होते, आणि निवडताना एकाही बाईला विचारलं नव्हतं. "डोलकाठी पडली असणार," ते पुटपुटले. "तिचा आवाज बंद झाला, आपला नाही. दोन रस्ते आहेत असं सकाळी मीच शिकवलं, आणि एक बंद पडल्यावर मीच दुसराही बंद समजलो. सहा तास या खोलीतला शब्दन् शब्द तिकडे जात होता."

रोहिणी थांबत नव्हती. उत्तराची वाट न बघता बोलायला ती एका दिवसात शिकली होती.

"तिसऱ्यांदा मला उठवेना. गुंगी यायला लागली होती. तेवढ्यात डॉक्टरांचं ऐकलं, मी गेले म्हणून. मला वाटलं, असेलही. मग बाई म्हणाल्या, तरी बसू. मला कळेना, मेलेल्या मुलीसाठी यांना एवढं काय पडलंय? भाकऱ्या घेऊन आल्या. पुढे तुम्ही हसलात. खरं सांगते, फार राग आला. सुकुमार तिकडे मातीखाली, आणि या हसतात! त्या रागात उठले आणि चाक फिरवलं. नंतर मात्र दर वेळेला तुमच्यासाठी उठले. एवढ्या बायका आपल्यासाठी बसल्यात, त्यांचं बसणं उगीच कशाला वाया घालवायचं?"

वत्सलाबाई आजवर चारशेहून जास्त घरांत जाऊन बसल्या होत्या आणि एकदाही तिथल्या माणसांसमोर रडल्या नव्हत्या. आज रडल्या, आणि अभिमानाने मान वर ठेवून रडल्या. शहनाजने त्यांचा हात घट्ट धरला. केळुसकरांनी चष्मा काढून पुसला, ते पुसणं काही लवकर संपलं नाही.

"एक विचारते," मंगळावरून आवाज आला. "आष्ट्याला सुकुमारच्या आईजवळ कुणी बसलंय का?"

बसलं होतं. पथकाच्या दोघी सकाळपासून त्याच्या आईच्या, पद्मावतीअक्कांच्या ओसरीवर होत्या. पण दिवसभर वार्ताहरांनी आणि कंपनीच्या माणसांनी त्यांना इतके प्रश्न विचारले होते, की दुपारपासून अक्कांनी तोंडच मिटून घेतलं होतं. पाण्याचा घोटही घेत नव्हत्या.

"बसलं असेल तरी मला जोडा," रोहिणी म्हणाली. "मला त्यांना काही विचारायचं नाही."

केळुसकरांनी नियमांची वही उघडलीसुद्धा नाही. त्यांनी स्वतः आष्ट्याला फोन लावला आणि वाहिनी त्याला जोडून दिली. तिकडच्या दोघींपैकी एकीने फोन अक्कांच्या कानाशी धरला. चौदा मिनिटांपूर्वी निघालेला एक दमलेला आवाज त्या ओसरीवर पोचला.

"अक्का, मी रोहिणी, सुकुमारबरोबर काम करणारी. तुम्ही काही बोलू नका. गाडीवाले मला चल म्हणतायत, पण मी अजून उठलेले नाही. भिंतीच्या पलीकडे सुकुमार आहे, आणि अलीकडे मी सकाळपासून बसलेय. त्याला बाहेर काढेपर्यंत बसणार आहे. तो एकटा नाही, अक्का."