सुबियाच्या खाडीतली राखण

पोरांनो, हे मी सहसा सांगत नाही. पण परीक्षित माझ्यासमोर बसून, चहा गार होऊ देत हे बोलला आहे. तो नाशिकचा इंजिनिअर, तेव्हा आखातात नोकरीला. मोजल्याशिवाय बोलणारा माणूस नव्हे.

सन दोन हजार. फेब्रुवारीची तीन तारीख, गुरुवार. अमावास्या दोन दिवसांवर. पंचवीस-सव्वीसला तिथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत मराठी मंडळाची मुलं कॅनू घेऊन सुबियाच्या पुढच्या खाडीत मुक्काम करणार होती. तंबूसाठी जागा आधी पाहून ठेवायची, एवढंच काम परीक्षितकडे होतं. सोबत काशिनाथ, त्याच्याच प्लँटवरचा पन्नाशीचा वेल्डर, मालवणकडचा. चार वर्षांनी तो शनिवारच्या विमानाने घरी निघाला होता. पुढच्या बुधवारी लेकीचं लग्न.

"भाऊ, परवा विमान, आणि आज खाडीत येताय?"

"सायबानू, खोलीत बसान बॅग कितीदा बांधू? आणि तुमका एकट्याक सोडलंय तर परत कोण हाडतलो? तुमच्या नाशकात भरती-ओहोटी खंय आसता?"

दुपारी दोनला गाडी किनाऱ्यावर ठेवून दोघं वल्हवत निघाले. पहिली जागा छान सपाट होती, पण वाळलेलं शेवाळ पार आतपर्यंत गेलेलं. म्हणजे रात्री भरतीचं पाणी तंबूत. दुसरी उंचावर होती. तिथे काटेरी तार आणि लाल पाटी. आखाती लढाई होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्या बाजूला सुरुंग होतेच. परीक्षितने वहीत दोन्हींवर फुली मारली. तिसरी मिळेपर्यंत साडेपाच झाले. शिंपल्यांच्या चुऱ्याचं एक उंच टेकाड. कोरडं, तारेपासून लांब. ते उतरले, आणि मागोमाग धुकं उतरलं.

काशिनाथने तंबू उघडू दिला नाही. आधी पिशवीतून नारळ काढला. अनोळखी जागेत पाठ टेकण्याआधी तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, ही त्यांच्याकडची रीत.

"मी बोलतलंय, तुमी नुसता 'व्हय म्हाराजा' म्हणा."

"इथला राखणदार अरबी असेल हो. त्याला मालवणी कळेल?"

"मस्करी नको, सायबानू."

गावाकडे देवाचं नाव ठाऊक असतं, हद्द ठाऊक असते. इथे काहीच नाही. म्हणून काशिनाथ हात जोडून म्हणाला, "बा म्हाराजा, हंय जो कोण आसशीत, आमची राखण कर. आमचो एक माणूस हंयसून हलान जाव नये, अशी राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," परीक्षित म्हणाला.

"व्हय म्हाराजा."

काशिनाथने हळूच मान वळवली. "तुमी दोनदा म्हटलात?"

"नाही."

नारळ तिथेच फोडून ठेवला आणि दोघं कॅनूत बसले. सहा वाजून दहा मिनिटं. परीक्षितने होकायंत्र मांडीवर धरलं आणि सरळ दक्षिणेला, गाडीच्या दिशेने, चाळीस मिनिटं वल्हवलं. टोक वाळूला लागलं. त्याने बॅटरी मारली.

शिंपल्यांचं टेकाड. फोडलेला नारळ.

पुन्हा निघाले. किनारा उजव्या हाताला, वल्ह्याने चाचपत. पस्तीस मिनिटं. पुन्हा टेकाड. पुन्हा नारळ.

"चकवो," काशिनाथ म्हणाला. "आता हलाचा नाय."

तसंही हलता येणार नव्हतं. ओहोटी लागली होती. बघता बघता पाणी सरकलं आणि कॅनू चिखलात बसला. परीक्षितने एक पाय टाकला, तो मांडीपर्यंत आत गेला. मागे सुरुंग. पुढे चिखल. वर धुकं. टेकाडावर पाय ठेवायची हिंमत नव्हती; दोघं कॅनूतच बसून राहिले.

साडेनऊला आवाज आला. चप्... चप्... चिखलातून कोणी चालत होतं. सावकाश. कॅनूभोवती. एक फेरी झाली. थांबलं. दुसरी.

"माझीच चूक," काशिनाथ पुटपुटला. "हलान जाव नये म्हटलंय मी. तो राखता. माझ्या चेडवाचा लगीन आसा, सायबानू... आणि तो राखता."

बारा. एक. चप्... चप्...

दोनच्या सुमाराला काशिनाथने हात जोडले. "राखण पुरी झाली, म्हाराजा. आता आमका सोड."

परीक्षितने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. 'व्हय' आलं तर ते त्याचंच असायला हवं, आपल्या तोंडून चुकून निघायला नको.

चप्... चप्... फेरी चालूच राहिली. मग काशिनाथचा आवाज बदलला. गावच्या बांधावरून शेजाऱ्याला हाक मारावी, तसा. "गाऱ्हाण्याक 'व्हय म्हाराजा' म्हटलंस, म्हणजे आपल्याच मुलखातलो दिसतंस रे तू. किती वर्षां आसस हंय?... मी शनिवारी घराक जातंय. येवचा आसात तर चल. मी नेतंय तुका."

पावलं थांबली.

अगदी जवळून, परीक्षितच्या डाव्या कानाशी...

"व्हय म्हाराजा."

तीन वाजता पाणी आलं. कॅनू उचलला गेला, पण नेहमीसारखा नाही. काठ पाण्याला टेकत होता. मागे बघायचं नाही, हे दोघांपैकी कोणी कोणाला सांगितलं नाही. पहाटे पाचला गाडी दिसली.

शनिवारी परीक्षितनेच काशिनाथला विमानतळावर सोडलं. आत जाताना काशिनाथ दारात थांबला, बाजूला झाला. कोणाला तरी आधी जाऊ द्यावं, तसा.

लग्न नीट पार पडलं. त्यानंतर आठवड्याने त्याचा फोन आला. मुलगी सासरी सुखात, सगळं छान. मग म्हणाला, त्याच्या वाडीच्या टोकाला एक घर आहे. त्या घरचा माणूस नव्वदच्या जूनमध्ये आखातात नोकरीला म्हणून गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याची म्हातारी आई वारल्यापासून घराला कुलूप. काशिनाथ गावात पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी भावकीतले लोक लग्नाची भांडी ठेवायला ते घर उघडायला गेले. कुलूप गंजलेलं, जागच्या जागी. ते तोडलं. दार ढकललं.

दार उघडेना.

आतून कडी घातलेली होती.