निळ्या बॅगेवरचं स्टिकर

"लेझिमी तुम्ही बागेत नेल्यात आणि तिथेच विसरलात. विषय संपला," जयप्रकाशकाका म्हणाले आणि यादीतल्या 'मुलांची लेझीम' या ओळीवर त्यांनी सरळ काट मारली.

नुपूरची कानशिलं तापली. जपानमधल्या ग्योतोकुच्या आशियाई संस्कृती केंद्रात रविवारी उत्सव होता. नेपाळी, व्हिएतनामी, कोरियन असे सगळ्यांचे कार्यक्रम होते आणि मराठी मंडळातर्फे नुपूरच्या गटाची लेझीम. उन्हाळी सुट्टीचे तीन आठवडे बारा जणांनी घाम गाळला होता. आज सकाळी तालमीसाठी सामानाची खोली उघडली, तर लेझिमींची निळी बॅग सापडेना.

"काका, काल मी स्वतः बॅग आत ठेवली. किल्लीच्या वहीत सही केलीये," नुपूर म्हणाली.

"उलट बोलू नकोस. मंडळाचा चिटणीस मी आहे. तुमच्या बारा मिनिटांत आता मी जुनी गाणी म्हणणार."

सगळ्या आईबाबांसमोर हे ऐकावं लागलं आणि एकानेही वही उघडून पाहिली नाही. तिची स्वतःची आईसुद्धा नुसती "अगं, जाऊ दे ना" म्हणाली. नुपूरला आईचा सगळ्यात जास्त राग आला.

ती पाय आपटत पुन्हा त्या खोलीत गेली. मागोमाग तिच्या गटातले ओजस्वी आणि शर्वही आले. शर्वची आई जपानी, त्यामुळे चिडला की तो जपानीत बडबडायचा.

"माजी? म्हणजे खरंच? स्वतःच गाणार?" तो म्हणाला. "ऐकणाऱ्यांनी काय पाप केलंय?"

"नुपूर, ही बघ निळी बॅग!" कोपऱ्यातून ओजस्वी ओरडली.

उघडली, तर आत फाटके पडदे. बॅगेचं एक चाकही तुटलेलं होतं. नुपूर बघतच राहिली. ही तर टाकाऊ बॅग. काकांनी कालच सांगितलं होतं की मोठ्या सामानाच्या कचऱ्यासाठी पालिकेकडे नोंदवली आहे, सकाळी स्टिकर लावून बाहेर ठेवणार.

"मग त्यांनी बाहेर काय ठेवलं?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती धावत सुटली.

केंद्रामागच्या रस्त्यावर ट्रक उभा होता. एक कामगार निळी बॅग उचलत होता. चाकं चारही शाबूत. वर मोठ्या कचऱ्याचं स्टिकर होतं आणि त्यावर काकांच्या अक्षरात काकांचंच नाव.

"चोत्तो मात्ते कुदासाई!" जरा थांबा म्हणत शर्वने ट्रकवाल्यांना अडवलं. दोन मिनिटं वाकून वाकून बोलला आणि तोंड पाडून वळला. "ज्याचं नाव आहे त्यानेच येऊन सांगायला हवं म्हणतात. पाच मिनिटं थांबतील."

खरं सांगितलं तर काका पंधरा मिनिटं वाद घालतील, हे नुपूरला ठाऊक होतं. ती हॉलमध्ये शिरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, कचऱ्याचा ट्रक आलाय. तुमच्या स्टिकरमध्ये चूक आहे म्हणतात. तुम्हालाच बोलावलंय."

कचऱ्याचा नियम चुकला म्हटल्यावर ग्योतोकुत भल्याभल्यांची तंतरते. काका चपला शोधत पळाले. मागे अख्खं मंडळ.

"काय चुकलं? नोंदणीचा नंबर तर बरोबर आहे," काका धापा टाकत म्हणाले.

नुपूरने बॅगेची चेन ओढली. आत मंडळाच्या वीस लेझिमी खणखणल्या.

काकांनी कामगारांची वाकून माफी मागितली, एकदा नव्हे, चारदा. स्टिकर निघालं, ट्रक गेला. मंडळाच्या अध्यक्ष स्नेहलताकाकूंनी मुलांच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास! मोठ्यांनी डोकं चालवलं नाही, ते तुम्ही चालवलंत."

"शाबासकी नंतर," नुपूर म्हणाली. तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "काका, त्या कामगारांपुढे चारदा वाकलात. आम्हाला सगळ्यांसमोर बोल लावलात, त्याचं काय?"

तिची आई पुढे आली आणि नुपूरशेजारी उभी राहिली. "बरोबर विचारतेय ती."

काकांनी मान खाली घातली. मग बारा मुलांपुढे ते कमरेत वाकले आणि म्हणाले, "चुकलो. न बघता बोललो."

त्यांनी खिशातून यादी काढली आणि खोडलेली ओळ सगळ्यात वर पुन्हा लिहिली. नुपूरने बॅगेतून एक लेझीम उचलून त्यांच्या हातात दिली.

"पूर्ण वीस आहेत का, मोजून घ्या," ती म्हणाली. "आणि वहीत सही करा."

काकांनी मुकाट्याने मोजल्या. सहीसुद्धा केली.